शेवटची पेशी मारण्याचा हट्ट

कॅन्सरविषयीचा एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: सोसेल तितक्या जास्त औषधाचा मारा अखंड चालू ठेवायचा, मध्ये थांबलात की कॅन्सर औषधाला पचवायला शिकतो, आणि ‘गेम थिअरी’ या कागदावरच्या गणिताच्या नावाखाली औषध थांबवून-थांबवून देणारे डॉक्टर रुग्णाच्या जिवाशी खेळतात. मला तो पाठवणारे गृहस्थ स्वतः प्रोस्टेटच्या कॅन्सरचे रुग्ण आहेत. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी ‘शिकतो’ हा शब्द. पेशी काही शिकत नाहीत. पसरलेल्या कॅन्सरमध्ये अब्जावधी पेशी असतात आणि औषधाला दाद न देणाऱ्या काही पेशी बहुधा पहिल्या डोसाच्या आधीपासूनच त्यांत असतात. पण प्रतिकार फुकट मिळत नाही. काही पेशी औषध बाहेर फेकणारे पंप चालवतात. त्या पंपांना ऊर्जा लागते आणि तेवढी ऊर्जा वाढीतून वजा होते. औषध नसताना अशा पेशी साध्या पेशींच्या गर्दीत मागे पडतात. अखंड मारा केला की ही गर्दीच नाहीशी होते. जागा, रक्तपुरवठा, पोषण सगळं प्रतिकारक पेशींना मोकळं मिळतं. म्हणजे ज्या पेशी मारणं सोपं होतं, त्याच दुसऱ्यांना दाबून धरत होत्या.

‘खेळ’ या शब्दावरचा राग गैरसमजातून आला आहे. गेम थिअरी म्हणजे डावपेचांचं गणित. उत्क्रांतीचे अभ्यासक जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी 1973 मध्ये प्राण्यांच्या झुंजींवर निबंध लिहिला, तेव्हा प्रश्न असा होता: घातक शस्त्रं असूनही प्राणी बहुतेक वेळा एकमेकांना जिवे का मारत नाहीत? त्यांच्या मांडणीत खेळाडूला डोकं लागत नाही. डावपेच म्हणजे वारशाने आलेला गुण आणि कमाई म्हणजे संतती. एखादा डावपेच फायद्याचा की तोट्याचा, हे आजूबाजूचे बाकीचे काय करतात त्यावर ठरतं. पेशींना हे तंतोतंत लागू पडतं.

‘हे कागदावरचं गणित आहे’ हा आरोप तर टिकतच नाही. फ्लोरिडात टँपा इथल्या मॉफिट कॅन्सर सेंटरमध्ये रॉबर्ट गेटनबी आणि सहकाऱ्यांनी शरीरभर पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांना असं थांबवून-थांबवून औषध देऊन पाहिलं, म्हणजे साध्या पेशी उरतील आणि प्रतिकारक पेशींना दाबून धरतील. औषध अबिराटेरोन. रक्तातला पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून येणारं प्रथिन; त्यावरून आजार किती आहे याचा अंदाज येतो) सुरुवातीच्या निम्म्यावर आला की गोळ्या बंद, पुन्हा मूळ पातळीला पोचला की सुरू. 2017 च्या पहिल्या अहवालात 11 रुग्ण होते आणि त्यांना नेहमीच्या निम्म्याहून कमी औषध लागलं होतं. 2022 च्या अहवालात अशा 17 रुग्णांचा आजार पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा मध्यक काळ 33.5 महिने होता. नेहमीचे उपचार घेतलेल्या 16 जणांचा 14.3 महिने. रुग्ण थोडे होते आणि गट चिठ्ठी टाकून पाडलेले नव्हते, म्हणून हा अंतिम पुरावा मानू नये. पण याला ‘जिवाशी खेळ’ म्हणायला काय आधार आहे?

आपल्याकडच्या कापूस उत्पादकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. बीटी (अळीला मारणारं प्रथिन स्वतःच बनवणाऱ्या कापसाच्या) बियाण्यासोबत, साध्या अळ्याही जगाव्यात म्हणून, नॉन-बीटीचं 120 ग्रॅमचं ‘रेफ्युजी’ पाकीट मिळायचं, ते बहुतेकांनी पेरलंच नाही. एकट्याने पेरलं तर नुकसान त्याचं आणि फायदा सगळ्या शिवाराचा, मग कोण पेरणार? गुलाबी बोंडअळीत प्रतिकार पसरला आणि 2017 मध्ये विदर्भ-मराठवाड्याने त्याची किंमत मोजली. तिथली यंत्रणा वेगळी होती: साध्या अळीचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळून पुढच्या पिढीतला प्रतिकार पातळ करतात. पण साध्यांना जिवंत ठेवण्याची गरज तीच.

त्या मजकुरातलं खरं तेही सांगतो. जिथे आजार मुळापासून संपवता येतो, तिथे पूर्ण ताकदीचेच उपचार हवेत. मुलांचा ल्युकेमिया, वृषणाचा कॅन्सर, क्षयरोग ही अशी उदाहरणं. तिथे कोर्स अर्धवट सोडणं घातक आहे. आणि कुठल्याही आजारात हा लेख वाचून स्वतःच्या मनाने एक गोळीही बंद करू नका. गेटनबींचे रुग्ण नियमित रक्ततपासणीवर होते आणि थांबण्याचा निर्णय त्या आकड्यावर व्हायचा. प्रोस्टेटला पीएसए आहे. ज्या कॅन्सरमध्ये रक्तातला असा भरवशाचा आकडाच मिळत नाही, तिथे कधी थांबायचं हे ठरवणं फार अवघड आहे. या उपचारांवर आक्षेप घ्यायचाच तर तो इथे घ्यायला हवा होता.