सदोष गाडी परत बोलावून दुरुस्त करून देण्याची, म्हणजे रिकॉलची, जबाबदारी ७ वर्षांतच का संपते?

गाडीत सहा एअरबॅग हव्यात का हा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी हमखास म्हणतं, अमेरिकेत बघा, तिथे एअरबॅगनेच माणसं मेली, मग आपल्याला कशाला हव्यात. परवा घरच्या ग्रुपवर चुलतभावाने परत तेच टाकलं आणि खाली लगेच अंगठे पडले. माझं डोकंच फिरलं, कारण मी इथे टेक्सासमध्ये जुना पिकअप चालवतो आणि भाऊ ज्या भानगडीबद्दल बोलतोय ती बायकोच्या समोरच्या डॅशबोर्डमध्ये बसलेली होती.

माणसं मेली हे खरंय. टकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागात, अमोनियम नायट्रेट होतं, आणि बऱ्याच इन्फ्लेटरमध्ये ओलावा शोषून घेणारं काहीच घातलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं दमट हवा, दिवसा तापायचं रात्री निवायचं, असं करत ते रसायन खराब होतं, मग अपघातात ते नको इतक्या जोरात पेटतं, धातूचं कवच फुटतं आणि त्याचे तुकडे थेट माणसाच्या मानेत चेहऱ्यात घुसतात. अमेरिकेत यात २५ हून जास्त लोक गेले. पण इथल्याच सरकारी हिशोबाप्रमाणे पुढच्या एअरबॅगनी १९८७ ते २०१७ मध्ये ५० हजारांवर जीव वाचवले, हे त्या फॉरवर्डमध्ये कुणी का लिहीत नाही? दोष एअरबॅगचा नव्हता, त्यात काय भरलं आणि माहीत असून काय लपवलं त्याचा होता. टकाटाने २०१७ मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली.

आणि जुन्या पिकअप ट्रकांचा प्रश्न इथेही सोपा नाहीये. २००६ च्या फोर्ड रेंजरच्या काही मालकांना २०१८ मध्ये सांगावं लागलं की गाडी चालवूच नका. २००३ च्या डॉज रॅमवाल्यांना २०२३ मध्ये तेच. जनरल मोटर्सने आपल्या मोठ्या पिकअपचे इन्फ्लेटर सुरक्षित आहेत म्हणून सूट मागितली होती, ती इथल्या सरकारी वाहन सुरक्षा संस्थेने, एनएचटीएसएने, २०२० मध्ये फेटाळली आणि ५९ लाख गाड्या परत बोलवायला लावल्या. माझा पिकअप मी सेकंड हँड घेतला, विकणाऱ्याने रिकॉलचा र सुद्धा काढला नाही, कारण रिकॉल बाकी असलेली जुनी गाडी विकायला फेडरल कायद्याची आडकाठीच नाही. पत्र जात होतं आधीच्या मालकाच्या पत्त्यावर. पण मी विन, म्हणजे गाडीचा चेसिस नंबर, टाकून रिकॉल बाकी आहे का बघितलं, डीलरकडे नेला, नवीन इन्फ्लेटर बसला, एक पैसा लागला नाही. व्यवस्था म्हणतात ती ही, आणि ती आपल्याकडे का नको?

हे ग्रुपवर लिहिल्यावर भावाचं उत्तर आलं, तू तिकडे बसून बोलू नकोस, इथे येऊन राहा मग सांग.

लागलं ते. अजून लागतंय. इथे मी कितीही वर्षं राहिलो तरी ऑफिसात इंडियाबद्दल काहीही आलं की सगळे माझ्याकडे बघतात, आणि घरच्या ग्रुपवर मी तिकडचा. पण सुट्टीत आलो की मी त्याच्याच गाडीत फिरतो, आणि आई रोज त्याच गाडीत पुढच्या सीटवर बसते, मग त्या गाडीबद्दल बोलायचा हक्क मला कुणी कशाला द्यायला हवा, तो आहेच.

आणि त्याची गाडी १० वर्षांची झालीय, म्हणून तर मी चिडलोय. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ ला रिकॉलची तरतूद आली, १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले, चांगलंच झालं. पण सक्तीचा रिकॉल ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच! अरे, हे इन्फ्लेटर खराब व्हायलाच वर्षं लागतात. जी गाडी नवी असताना ठीक असते तीच म्हातारी झाल्यावर धोकादायक होते, आणि नेमकं तेव्हाच कायदा हात झटकून मोकळा. इथे फुकट दुरुस्तीची मर्यादा आधी १० वर्षं होती, ती वाढवून १५ केली. इथल्या नियमात फ्लोरिडा, टेक्सास, लुईझियाना असे गरम दमट भाग आधी घेतले, कारण तिथे धोका लवकर तयार होतो. कोकणपट्टीची हवा यापेक्षा कोरडी आहे का? होंडाने भारतातही टकाटाच्या इन्फ्लेटरसाठी गाड्या परत बोलावल्या, म्हणजे हा फक्त अमेरिकेचा रोग नाही. पण स्वतःहून बोलावणं वेगळं आणि कायद्याने बोलवायला लावणं वेगळं.

आपल्याकडे खाजगी गाडीची पहिली नोंदणीच १५ वर्षांची असते. तेवढी वर्षं ती रस्त्यावर चालणार हे सरकारला मान्य आहे, मग तेवढी वर्षं कंपनीने जबाबदार राहावं हे का मान्य नाही? वाद घालायचाच तर सहा एअरबॅग हव्यात की दोन यावर नको, यावर घाला. रिकॉल तपासायला भावाला आरसीवरचा चेसिस नंबर मागितलाय, तो रागात असला तरी पाठवेल, आईसाठी तरी.