बी.एड. करताय? मग मुलांपासून लांबच राहा

बी.एड.ला ॲडमिशन घेतली म्हणे. छान केलंत. खानापूर असो, निपाणी असो, आपल्या बेळगाव जिल्ह्यात पोराच्या हातात डिग्री पडली की घरात एक मामा उगवतोच : ‘बी.एड. करून ठेव की. वाया काय जातंय?’ मामांचं काहीच वाया जात नाही, हे खरं आहे. तुमची दोन वर्षं जातात. 2015 च्या आधी एकच जायचं. मग दिल्लीच्या अध्यापक शिक्षण परिषदेला वाटलं, शिक्षक फार घाईत तयार होतायत. तेव्हापासून वर्षं दुप्पट झाली, फायलींचं तर विचारूच नका.

आता एक लक्षात ठेवा. शिकवणं ही हौशी माणसांची गोष्ट आहे, तुमचं काम लेसन प्लॅन लिहिणं. पानावर दोन मोठे रकाने आखा, ‘शिक्षक कृती’ आणि ‘विद्यार्थी कृती’. दुसरा रकाना आदल्या रात्री, घरी, जेवण झाल्यावर भरायचा. ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.’ ‘विद्यार्थी उत्साहाने उत्तर देतात.’ उद्या काय होणार हे आज इतक्या खात्रीनं सांगणारा दुसरा माणूस म्हणजे बसस्टँडबाहेरचा पोपटवाला.

खऱ्या वर्गात जायच्या आधी सूक्ष्म अध्यापन असतं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं टीका ऐकायची, बारा मिनिटांत पाठ पुन्हा बांधायचा, परत सहा मिनिटं शिकवायचं, परत सहा मिनिटं ऐकायचं. छत्तीस मिनिटांचं हे चक्र पुस्तकात छापलेलं आहे. समोर मुलं नसतात. तुमचेच सात-आठ वर्गमित्र चौथीची पोरं होऊन बाकावर बसतात. आमच्यात एकाचं टक्कल पडलं होतं आणि एकीची स्वतःची मुलगी चौथीत होती. पाठ पावसाच्या कवितेचा. मी विचारलं, ‘मुलांनो, पाऊस आला की आपण घरातून काय बाहेर काढतो?’ सगळे एका सुरात, ‘छत्रीऽऽ!’ टक्कलवाले सगळ्यात मोठ्यांदा. प्रास्ताविकाला दहापैकी नऊ मिळाले. इतका गुणी वर्ग मला पुन्हा कधी मिळाला नाही.

भाषेची काळजी करू नका. तुम्ही मराठी शाळेत शिकलात आणि मराठी शाळेतच शिकवणार आहात, म्हणून काय मध्ये कुणी मराठीत शिकवावं? बालमानसशास्त्रातला पियाजे तुम्ही इंग्रजीत वाचायचा, सर कानडीत समजावून सांगतात, तुम्ही मराठीत पाठ करायचा आणि पेपरात पुन्हा इंग्रजीत उतरवायचा. पियाजेनं मुलांच्या विकासाच्या चारच अवस्था सांगितल्या. बेळगावच्या चव्हाट गल्लीत राहिला असता तर पाचवी सापडली असती.

आपल्या जिल्ह्याला 2010 मध्ये स्वतःचं विद्यापीठ मिळालं, राणी चन्नम्मांच्या नावाचं. त्याआधी डिग्री धारवाडची असायची. कॅम्पस हायवेला भूतरामनहट्टीत, आणि तिथंच प्राणिसंग्रहालय. काही कामानं गेलात तर तेही बघून या, शैक्षणिक मानसशास्त्राला उपयोगी पडेल. त्या विषयात पावलोवचा कुत्रा आहे, थॉर्नडाइकचं मांजर आहे, स्किनरचं कबूतर आहे, कोहलरचा चिंपांझी आहे. मूल भेटतं अधूनमधून.

पास झालात की टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. 150 प्रश्न, 90 मार्कांना पास. इथं सीमाभागाचा फायदा बघा : पुण्याच्या माणसाला एकाच राज्याच्या टीईटीत नापास होता येतं, तुमच्यापुढे कर्नाटकाची आहे, महाराष्ट्राची आहे आणि हौस उरली तर केंद्राचीही. पहिली ते पाचवीकडे मात्र बघायचंही नाही. बी.एड.वाल्यांना ते वर्ग चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2023 ला सांगून टाकलंय. तिथं डी.एड. लागतं. मामांना ही तारीख सांगू नका, ते लगेच म्हणतील, ‘मग डी.एड. पण करून ठेव की.’ राहता राहिला सीमाप्रश्न. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून कोर्टात आहे. तुमची भरती आधी निघते की तो निकाल, यावर पैज लावायला हरकत नाही.

हो, इंटर्नशिप राहिलीच. दोन वर्षांत मिळून वीस आठवडे खऱ्या शाळेत काढावे लागतात, त्याला इलाज नाही. मला गावाकडची सरकारी मराठी शाळा मिळाली. वर्गात अकरा मुलं आणि मागच्या बाकावर निरीक्षणाच्या वह्या घेतलेले आम्ही सहाजण. हेडमास्तर म्हणाले, ‘बरं झालं आलासा, पट भरल्यागत दिसतोय.’ जुलै महिना, बाहेर आपल्याकडचा पाऊस. मी तोच पाठ काढला. ‘मुलांनो, पाऊस आला की आपण घरातून काय बाहेर काढतो?’

पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, ‘बादली.’

मी म्हटलं, नीट विचार करून सांग. ती म्हणाली, ‘बादलीच की हो. चुलीजवळ गळतंय. आजीच्या खाटेवर गळतंय तिथं पातेलं.’ मग दुसरा उठला, त्यांच्याकडे गोठ्यात गळत होतं. तिसऱ्याकडे कौलं माकडांनी फोडली होती. कोणाकडे किती भांडी लागतात याचा हिशेब फळ्यावर मांडला, बेरीज झाली, भांडण झालं, एकजण पहिल्यांदाच बोलला, आणि घंटा झाली. कविता तशीच राहिली. मागे बसलेल्या मॅडमनी शेरा लिहिला : ‘अपेक्षित उत्तर काढून घेता आले नाही. पाठ उद्दिष्टापासून भरकटला.’

तेव्हा तुम्ही असलं काही करू नका. माझी फाइल हवी असेल तर खुशाल घेऊन जा. मलाही ती आधीच्या बॅचच्या एका ताईंकडूनच मिळाली होती. कव्हर आणि नाव बदललं की झालं. फक्त पावसाच्या पाठात, ‘विद्यार्थी कृती’च्या रकान्यात, ‘छत्री’ खोडून मी पेनानं ‘बादली’ लिहिलंय. तेवढं व्हाइटनर लावून घ्या.