मोर्चेकऱ्यांना शिव्या देऊ नका, आतल्यांना जाब विचारा

दर डिसेंबरात नागपुरात एकच वाक्य कानावर येतं, आणि यंदा ते ऐकून ऐकून माझं डोकं फिरलंय. "या मोर्चेवाल्यांनी पार ताप आणलाय." ऑफिसात तेच, पानठेल्यावर तेच, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच. ८ डिसेंबर २०२५ ला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं, १४ तारखेला रविवारी गुंडाळलं, आणि त्या संध्याकाळपासून लोक एकमेकांना "सुटलो एकदाचे" म्हणून कळवताहेत. सुटलो कशातून? ज्यांनी आपल्याला अडवलं त्यांचं नाव तरी कोणी घेतलं का?

ताप झाला, हे मीही सांगते. या आठवड्यात बाबांना रामदासपेठेत डॉक्टरकडे न्यायचं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस. ऑटोवाल्यानं व्हरायटी चौकाच्या अलीकडेच गाडी थांबवली. "ताई, पुढे सोडत नाहीयेत." बॅरिकेडपाशी उभा असलेला पोलीस बाहेरच्या जिल्ह्यातून बंदोबस्ताला आलेला. त्याला रामदासपेठ कुठल्या बाजूला आहे तेही माहीत नव्हतं, आणि त्यात त्याची काय चूक? सकाळपासून उभा होता बिचारा. बाबांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि आम्ही पायी निघालो. दर चार पावलांवर थांबायचे. पोचेपर्यंत नंबर गेला. पुन्हा शेवटी बसा. मागच्या दारानं व्हीआयपी गाड्यांसाठी मात्र रस्ता मोकळा होता. हे सगळं सहन करूनही माझा राग त्या मोर्चावर नाही. कारण मोर्चात कोण बसलं होतं ते मी जवळून पाहिलंय.

विधानभवनाकडे जाणारे मोर्चे जिथे अडवतात त्या मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला अंगणवाडीच्या बाया बसल्या होत्या. डांबरावर सतरंजी, सतरंजीवर डबे, डब्यात पोळी आणि चटणी. एकजण माझ्या आईच्या वयाची होती. तिच्याजवळ प्लास्टिकच्या फाइलमध्ये दोन निवेदनं होती, एक यंदाचं आणि एक मागच्या वर्षीचं. मागच्यावर जांभळा गोल शिक्का, "आवक", खाली कोणाची तरी सही. दोन्ही कागद शेजारी धरून तिनं मला दाखवले. मागण्या त्याच, क्रम तोच, फक्त वरची तारीख बदललेली. "मांगच्या साली बी इथंच बसलो होतो जी. घेतो म्हणाले. घेतलं. मंग काही नाही." सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये निकाल दिला की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमेचा, कायदा अंगणवाडी सेविकांनाही लागू होतो. देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयानं सांगून झालं, तरी या बाईला ग्रॅच्युइटी मागायला डिसेंबरच्या थंडीत रस्त्यावर बसावं लागतं. आणि आपण ग्रुपवर लिहितो, यांच्यामुळे ट्रॅफिक जाम झालं!

मोर्चाचं पुढे काय होतं, हे इथल्या लेकराला पण पाठ आहे. बॅरिकेडला थांबवायचं. तासन् तास बसवायचं. मग निरोप येतो, पाच जणांचं शिष्टमंडळ पाठवा. पाच जण आत जातात, एखाद्या मंत्र्याच्या दालनाबाहेर उभे राहतात. मंत्री सभागृहात आहेत, बैठकीत आहेत, निघाले आहेत. शेवटी स्वीय सहायक कागद घेतो. नशीब जोरावर असलं तर मंत्री भेटतात, फोटो होतो, "सरकार सकारात्मक आहे" हे वाक्य मिळतं. ते वाक्य घेऊन पाच जण बाहेर येतात आणि माइकवर सांगतात. बाया उठतात, सतरंज्या झटकतात, रात्रीच्या बसनं परत. त्या कागदाचं पुढे काय झालं हे कळवायची जबाबदारी कोणावर आहे? कोणावरही नाही. म्हणून त्या पुढच्या वर्षी परत येतात. आणि म्हणून रस्ता परत बंद होतो. रस्ता मोर्चानं बंद झालेला नाही हो, उत्तर न दिल्यानं बंद झालाय!

आणि उत्तर द्यायला वेळ तरी कुठे ठेवलाय? १९५३ च्या नागपूर करारात लिहिलंय की सरकार ठरावीक काळासाठी नागपूरला येईल आणि विधिमंडळाचं वर्षातून निदान एक अधिवेशन इथं होईल. त्या शब्दावर विदर्भ महाराष्ट्रात आला. मेहेरबानी म्हणून नाही, करार म्हणून. २०२३ मध्ये अधिवेशन ७ ते २० डिसेंबर चाललं. २०२४ मध्ये १६ ते २१. यंदा ८ ते १४, त्यातही शनिवार-रविवार जोडून सात दिवस भरले. २८८ आमदार विधानसभेत, ७८ परिषदेत, सगळं मंत्रिमंडळ, सचिव, फायलींचे ट्रक, हजारो पोलीस, रविभवन-नागभवन या मंत्र्यांच्या निवासांची रंगरंगोटी, नवे पडदे, नवी डांबराची पट्टी. एवढा सगळा लवाजमा मुंबईहून उचलून आणायचा आणि सात दिवसांत परत न्यायचा. त्यातही पहिला दिवस शोकप्रस्तावात जातो, आणि शेवटच्या दिवसाआधीच सगळ्यांचे डोळे विमानाच्या वेळेकडे लागलेले असतात.

२०२४ चं तर आठवलं तरी संताप होतो. १५ डिसेंबरला राजभवनावर ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला, दुसऱ्या दिवशी अधिवेशन सुरू. पण खाती वाटलेलीच नव्हती. कृषी कोणाकडे, शिक्षण कोणाकडे, पाणीपुरवठा कोणाकडे, काही ठरलेलं नाही. खातेवाटप जाहीर झालं २१ तारखेच्या रात्री, अधिवेशन संपल्यावर. म्हणजे पूर्ण अधिवेशनभर या राज्यात ज्याला त्याच्या खात्याचा जाब विचारावा असा मंत्रीच नव्हता. आणि दिवस कुठले होते ते आठवा. ९ तारखेला बीडमधल्या मस्साजोगच्या सरपंचांचा निर्घृण खून झालेला, परभणी पेटलेली, १५ तारखेला तिथे अटक झालेल्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा कोठडीत मृत्यू झालेला. त्या आठवड्यात बिनखात्याचे मंत्री सभागृहात बसून होते. असं चालवून घेणारं दुसरं कुठलं ऑफिस असेल? माझ्या ऑफिसात एक टेबल आठवडाभर रिकामं राहिलं तर साहेब आकाशपाताळ एक करतात.

यंदा मंत्र्यांना खाती आहेत, पण विरोधी पक्षनेता नाही. दोन्ही सभागृहांत नाही. विधानसभेत निवडणुकीनंतर ती खुर्ची भरलीच नाही, परिषदेतली ऑगस्टमध्ये रिकामी झाली. विरोधकांतल्या कोणत्याच पक्षाकडे दहा टक्के आमदार नाहीत असं सत्ताधारी म्हणतात, विरोधक म्हणतात असा नियमच नाही. तुमचा वाद तुमच्यापाशी. वर्ष उलटलं, अध्यक्षांनी होय म्हणावं किंवा नाही म्हणावं, पण म्हणावं तरी. आणि विरोधकांनो, तुम्हीही दुसऱ्यांकडे बोट दाखवून सुटू नका. पायऱ्यांवर फलक घेऊन फोटो काढायला सगळे हजर, आणि दुपारनंतर चर्चेच्या वेळी बाकं रिकामी. हे तुमचं विरोधीपण आम्हाला दिसतं.

आता पैशाचं बघा. पहिल्याच दिवशी ७५ हजार २८६ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या. ३० जूनला ५७ हजार ५०९ कोटींच्या मांडल्या होत्या. दोन्ही मिळून १ लाख ३२ हजार कोटींच्या वर. मार्चमध्ये मांडलेला अर्थसंकल्पच मुळात सात लाख कोटींचा. म्हणजे त्याच्या जवळपास पाचव्या हिश्शाएवढे पैसे नंतर, अधूनमधून, दोन-चार दिवसांच्या चर्चेत मंजूर होतात. पुरवणी मागणी ही अचानक आलेल्या खर्चासाठी असते. अतिवृष्टीची मदत त्यात आली तर कोणी हरकत घेणार नाही, ती द्यायलाच पाहिजे. पण मार्चमध्येच माहीत असलेले खर्च मार्चमध्ये का दाखवत नाही? घरातली बाई महिन्याचा हिशेब असा ठेवेल तर तिला किती बोल लागतील! आणि एवढ्या मोठ्या रकमेवर आमच्या आमदारानं काय विचारलं, कुठली ओळ तपासली, हे मला कुठे वाचायला मिळेल? रील मिळतात. भाषणाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा, मागे ढोल-ताशा.

या आठवड्यात पारडीच्या वस्तीत बिबट्या घुसला, माणसं जखमी झाली. भर नागपुरात, अधिवेशन चालू असताना. तिकडे जुन्नरकडे तर लोक लेकरांना अंगणात सोडायला घाबरतात. आणि विधानभवनात काय, तर जुन्नरचेच आमदार बिबट्याचा पोशाख घालून आले. कॅमेरे धावले. त्यांच्या मतदारसंघात माणसं खरंच मरताहेत, त्यांची कळकळ मी खोटी म्हणत नाही. पण आमदाराला लक्ष वेधायला अंगावर कातडं चढवावं लागत असेल तर लक्षवेधी सूचना कशासाठी आहे? तारांकित प्रश्न कशासाठी आहे? अर्धा तास चर्चा कशासाठी आहे? मंत्र्याला उत्तर द्यायला लावणारी ही सगळी हत्यारं सभागृहाच्या नियमांनी हातात दिलेली, आणि ती चालत नाहीत असं खुद्द आमदारालाच वाटतं. मग त्या अंगणवाडीच्या बाईनं काय करायचं?

विदर्भाचा विषय नेहमीप्रमाणे शेवटच्या दिवसांत ढकलला जातो. गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं, तेव्हा खर्च धरला होता ३७२ कोटी. माझा जन्मही झाला नव्हता. अजून काम चालू आहे. मागे पडलेल्या भागांसाठीच्या वैधानिक विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, सरकारं बदलली, ठराव झाले, मंडळ काही आलं नाही. शेतकरी ऑक्टोबरमध्ये वर्धा रोडवर येऊन बसले तेव्हा कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेऊ असं सांगून उठवलं. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली माल गेला. खरेदी केंद्रावर ओल बारा टक्क्यांच्या वर निघाली की पोतं परत. यंदा पावसानं उभं पीक भिजवलं, ओल निघणार नाही तर काय? या एका गोष्टीवर पूर्ण दिवस चर्चा व्हायला हवी होती.

आणि आमच्या शहराचं म्हणाल तर महापालिकेत मार्च २०२२ पासून या अधिवेशनापर्यंत नगरसेवकच नव्हते. प्रशासक होता. नळाला गढूळ पाणी आलं तर सांगायचं कोणाला? आमदाराला. आमदार सापडतो कुठे? अधिवेशनात. अधिवेशनाला जायचं कसं? बॅरिकेड.

एक गोष्ट लिहितानाही हात थरथरतो. २३ नोव्हेंबर १९९४. गोवारी समाज इथंच, याच रस्त्यावर, अधिवेशनाच्या काळात मोर्चा घेऊन आला होता. दिवसभर वाट पाहिली. आतून कोणी भेटायला आलं नाही. संध्याकाळी चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले, त्यात बाया आणि लेकरंच जास्त. आज सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे, स्मारक आहे. त्या स्मारकापासून हाकेच्या अंतरावर आजही तसंच बसवून ठेवतात माणसांना. जे रस्त्यावर येतात ते हौसेनं येत नाहीत, हे ज्या शहरानं एवढी किंमत मोजून शिकायला हवं होतं, तेच शहर त्यांना ताप म्हणतं याची मला लाज वाटते.

माझं मागणं फार नाही. बॅरिकेडवर घेतलेल्या प्रत्येक निवेदनाला क्रमांक द्या, साठ दिवसांत लेखी उत्तर द्या, नाही म्हणायचं असेल तर कारणासकट नाही म्हणा, आणि ती यादी पुढच्या अधिवेशनात पटलावर ठेवा. रोज निदान एक मंत्री दुपारी तासभर टी पॉइंटवर येऊन बसू द्या, दालनात नाही, रस्त्यावर. आणि अधिवेशन महिनाभर चालवा. विदर्भातून ६२ आमदार निवडून जातात, सत्तेतले आणि विरोधातले मिळून. महिनाभराच्या अधिवेशनाच्या मागणीवर या ६२ जणांनी एका कागदावर सही करावी, आणि ज्यानं केली नाही त्याचं नाव पेपरात छापून येऊ द्या.