आम्ही आणि आमचे ८१४ भागीदार

नळ ठिबकत होता. मला एवढंच हवं होतं की वायसर बदलायला नळाचं डोकं कुठल्या बाजूला फिरवायचं. एका हातात पाना, दुसऱ्या हातात फोन. पहिलाच दुवा उघडला आणि उत्तराची ओळ दिसायच्या आत वरून पाटी उतरली: ‘आम्हाला तुमच्या खासगीपणाची कदर आहे. आम्ही आणि आमचे ८१४ भागीदार तुमच्या उपकरणावर माहिती साठवतो.’

एका वायसरमध्ये आठशे चौदा जणांचा हिस्सा!

खाली दोन बटणं. ‘सगळं स्वीकारा’ हे हिरवंगार, अंगठ्याच्या बरोब्बर खाली. शेजारी, राखाडी पाटीवर किंचित जास्त राखाडी अक्षरांत, ‘पर्याय व्यवस्थापित करा’. ‘नको’ नावाचं बटण कुठेच नव्हतं.

माझा मेव्हणा मागे उभा राहून खांद्यावरून वाचत होता. बादली धरायला बोलावला होता, बादली सोडून सगळं करत होता.

“दाजी, हिरवं दाबा की.”

“का दाबू?”

“हिरवं आहे म्हणून.”

“अरे, आठशे चौदा कंपन्यांना माझ्या मागावर सोडायचं?”

“आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?”

“बरं. मग तुझा पासवर्ड सांग.”

“कशाचा?”

“कशाचाही.”

“तो वेगळा विषय आहे.”

या माणसाने लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली आहे. त्याची आठवण करून दिली तर म्हणाला, “तो कॅमेरा आहे. कुकीला डोळे असतात का?”

आता पाणी वाहत असताना कुकी समजावून सांगणं शहाणपणाचं नव्हतं, पण मला राहवेना. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुली यांनी ही युक्ती काढली. साइटला स्मरणशक्ती नसते. तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की ती तुम्हाला विसरते आणि खरेदीची टोपली रिकामी होते. म्हणून साइट तुमच्याच ब्राउझरकडे एक चिठ्ठी, म्हणजेच कुकी, ठेवायला देते, पुढच्या वेळी ब्राउझर ती दाखवतो, ओळख पटते. इथवर बिचारी चिठ्ठी निरुपद्रवी. घोटाळा होतो तो पानावर तिसऱ्याच कंपनीची जाहिरात असते तेव्हा. तीही आपली चिठ्ठी ठेवते. हजार साइटींवर तिच्या जाहिराती असल्या की तुम्ही हजार ठिकाणी कुठे कुठे हिंडलात, हे तिला त्या एकाच चिठ्ठीवरून कळतं.

“चौऱ्याण्णव साली?” मेव्हणा म्हणाला. “मग एव्हाना मुदत संपली असेल तिची.”

मी पाना खाली ठेवला.

“आणि माझं काय जातंय? मी सगळं इन्कॉग्निटोत बघतो. तो टोपी-चष्म्यावाला येतो ना, तो.”

“त्याने फक्त तुझ्या फोनवर इतिहास उरत नाही. तू कुठल्या साइटवर गेलास ते इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला दिसतंच. ऑफिसच्या वायफायवर असलास तर ऑफिसलाही दिसू शकतं.”

“ऑफिसला?”

“हो.”

“म्हणजे... साइटचं नाव, की आत काय बघितलं तेही?”

“साधारणपणे नाव.”

“नाव पुरेसं आहे हो,” असं काहीसं पुटपुटत तो बादलीकडे गेला. त्या दुपारी मला मिळालेली शांतता ती तेवढीच.

मी राखाडी बटण दाबलं. आत पाच गट. ‘अत्यावश्यक’ हा कायम चालू, तिथे तुम्हाला विचारत नाहीत. बाकी चारही खटके बंद. मी खूश! पण शेजारी आणखी एक कप्पा होता, ‘वैध हितसंबंध’, आणि त्यात सगळे खटके चालू. युक्ती अशी की संमती मागावी लागते, पण ‘यात आमचं वैध हित आहे’ असं म्हटलं की आधीच घेऊन टाकायचं आणि हरकत तुम्ही शोधून शोधून नोंदवायची. मी बत्तीस खटके बंद केले. मग तळाशी पुन्हा दोन बटणं: हिरवं, ढब्बू ‘सगळं स्वीकारा’ आणि बारीक ‘निवड जतन करा’. सवयीचा अंगठा कुठे पडला ते सांगत नाही.

वाईट याचं वाटतं की हे सगळं म्हणे आपल्या रक्षणासाठी आहे. युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा लागू झाला आणि संमती मोकळेपणाने दिलेली हवी असं ठरलं. आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, हे तिथल्या न्यायालयाला २०१९ मध्ये वेगळं सांगावं लागलं. नकार देणं होकाराइतकं सोपं ठेवलं नाही म्हणून फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. तरी पाटी आहेच. कायद्याने ‘विचारा’ म्हटलं, यांनी माणूस कंटाळेपर्यंत विचारायचं ठरवलं. तिकडे गूगलने जानेवारी २०२० मध्ये क्रोममधून तिसऱ्यांच्या कुकी दोन वर्षांत काढतो म्हणून सांगितलं होतं. तारीख पुढे, आणखी पुढे, आणि जुलै २०२४ मध्ये बेतच बारगळला. ॲपलच्या सफारी ब्राउझरने हेच काम मार्च २०२० मध्ये गाजावाजा न करता उरकलं होतं.

“दाजी, एवढा त्रास होतोय तर कुकी साफ करून टाका ना सगळ्या,” बादलीजवळून सूचना आली.

केल्या. आणि तेच पान उघडलं तर तीच पाटी पुन्हा हजर. कारण तुम्ही ‘नको’ म्हणालात हेसुद्धा साइट लक्षात ठेवते ते कुकीतच! कुकी पुसली की नकारही पुसला जातो. नकार टिकवायचा तर कुकी सांभाळा. हे ज्याने रचलं त्याला विनोदबुद्धी होती असं मी मानत नाही.

शेवटी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन तिसऱ्यांच्या कुकी बंद. दुसरा फोन फायरफॉक्सवाला आहे, त्यात कडक संरक्षण, आणि यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकून त्याच्या याद्यांमधली कुकी-पाट्यांची यादी चालू. ही यादी डिफॉल्टने बंद असते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पाटी दिसलीच नाही तर उत्तरही जात नाही, आणि जीडीपीआरच्या हिशोबात गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. क्वचित एखाद्या साइटचं पान अडकतं, खाली सरकत नाही. तेवढ्यापुरतं तिथे यूब्लॉक बंद करायचं.

नळाचं डोकं घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचं होतं. आधी मुख्य कॉक बंद करायचा, ही ओळ त्या पानावर तिसऱ्या परिच्छेदात होती. तिथे मी पोहोचलो तेव्हा बादली भरून वाहत होती.

रात्री मेव्हण्याचा फोन. आवाज चढलेला.

“दाजी, माझ्या फोनवर नळांच्या जाहिराती का येतायत? मी कधी नळ शोधला नाही!”

मी म्हटलं, दुपारभर तू माझ्या वायफायवर होतास. एका घरातली सगळी उपकरणं बाहेरून सहसा एकाच आयपी पत्त्याने, म्हणजे इंटरनेटवरच्या घरपत्त्याने, दिसतात. त्यावरून कुणीतरी आपली सांगड घातली असेल.

“पण हे माझं खासगी आहे ना! मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तू कुठलं बटण दाबलं असतंस?”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे आता मी इन्कॉग्निटोत जे बघतो, त्याच्या जाहिराती ताईच्या फोनवर येणार?”