झाकण कुठंय माझं?

गौरीच्या जेवणाला दहा पुरणपोळ्या मुद्दाम जास्त लाटल्या आणि मोठ्या जाऊबाईंना कडीच्या डब्यात घालून दिल्या. तो डबा काल परत आला. तीन आठवड्यांनी, माझ्या चार फोननंतर. रिकामा डबा परत करू नये म्हणून आत मूठभर साखर. काय ते संस्कार! आणि झाकण? भलत्याच डब्याचं.

बसतच नाही मेलं. एका बाजूनं दाबलं की दुसरी बाजू टुणकन वर. त्या फटीतून साखर स्कूटरच्या डिकीत सांडली, आज सकाळी डिकीत मुंग्यांची वारी. बरं, डबा माझ्या रुखवतातला. त्यावर टिंबाटिंबांनी घातलेलं माझं नाव, खाली १४-५-९७. आणि झाकणावर? ‘कै. बापूंच्या स्मरणार्थ’. कोण बापू? आमच्याकडे सासरी-माहेरी कुणी बापू नाही. कुणाच्या तरी तेराव्याचं झाकण माझ्या रुखवताच्या डब्यावर! फोन केला तर म्हणे, “अगं, झाकणच तर आहे. किती मनाला लावून घेतेस!”

हो, घेते. यांच्याकडच्याच मुंजीला माझी पितळी परात गेली, ती आजतागायत तिकडेच मुक्कामाला आहे. लोणच्याची चिनी मातीची बरणी नेली, तिचं काय झालं? “फुटली गं.” संपला विषय. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, “नवीन घेऊ की डबा.” डबा आहे हो! झाकण सुटं मिळतं का कुठे? यांना स्वतःच्या घरात चहापत्ती सापडत नाही, हे मला भांड्यांबद्दल सांगणार.

रागारागात ओट्याखालचं कपाट उपसलं, दुसरं एखादं झाकण बसतंय का बघायला. अकरा झाकणं, डबे सात. त्यातले तीन माझे नाहीत. एक शेजारच्या काकूंचा, गेल्या दिवाळीच्या चिवड्याचा. तळाशी शेंगदाण्याची दोन सालं अजून तशीच. पण काकूंनी एकदा तरी मागायचा ना! शिवाय तो लाडवांना अगदी बरोबर मापाचा आहे.

असो. यंदाच्या फराळाला जाऊबाईंना चकल्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर दोन रबरं लावून. आणि रबरं मी मोजून देणार आहे.