सोडवलेल्या घोड्याची वैरण कोण घालणार?

मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा आहेत, वर्षभरात बंद करा आणि चालकांचं व घोड्यांचं पुनर्वसन करा, असं उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये सांगितलं. माथेरानला तोच वाद आता ई-रिक्षा आणि पेव्हर ब्लॉकच्या निमित्ताने पेटलेला आहे. अशा प्रत्येक वादात एक वाक्य हमखास येतं, ‘परदेशात बघा, मुक्या जनावरांची कशी काळजी घेतात.’ अमेरिकेत राहून हे वाक्य वाचताना मला फार अस्वस्थ व्हायला होतं. इथल्या अनुभवातून घेण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्यातलं निम्मं तरी ‘असं करू नका’ या सदरातलं आहे.

इथले घोड्यांचे शेवटचे तीन कत्तलखाने, दोन टेक्ससमधले आणि एक इलिनॉयमधला, २००७ मध्ये बंद झाले. पाठोपाठ मंदी आली. नोकऱ्या गेल्या, घरं गेली, आणि ज्यांच्या परसात दोन-तीन घोडे उभे होते त्यांना वैरण परवडेना. बाजारात उठाव नव्हता. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कामकाज तपासणाऱ्या इथल्या लेखापरीक्षण कार्यालयाने जून २०११ मध्ये अहवाल दिला. २००६ मध्ये देशात सुमारे १ लाख ५ हजार घोडे कापले गेले होते, तर २०१० मध्ये सुमारे १ लाख ३८ हजार घोडे कापण्यासाठी कॅनडा आणि मेक्सिकोला रवाना झाले. म्हणजे मरणारे घोडे कमी झाले नाहीत, त्यांचा ट्रकमधला प्रवास तेवढा लांबला. कोलोरॅडो राज्यात घोड्यांच्या हेळसांडीच्या चौकश्या २००५ मध्ये ९७५ होत्या, त्या २००९ मध्ये १,५८८ वर गेल्या. यात मंदीचा वाटा किती आणि बंदीचा किती, यावर लोक अजून भांडतात. कत्तलखाने बंद झाले याचं मला दुःख नाही. पण बंद करताना त्या घोड्यांच्या वैरणीचा हिशेब कुणी मांडला नव्हता, हे खरं आहे. व्हिक्टोरियाच्या निकालानंतर आपल्याकडे वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती चालकांना परवाना की नुकसानभरपाई याची. घोडा दुसऱ्या दिवशी सकाळी काय खाणार, हा प्रश्न तिथेही कोपऱ्यातच राहिला.

हा हिशेब अवघड नाही. घोड्याला दिवसाला वजनाच्या साधारण दोन टक्के सुकी वैरण लागते. साडेचारशे किलोचा घोडा नऊ किलो खातो, म्हणजे वर्षाला सव्वातीन टन. आपल्याकडचा तीनशे किलोचा घोडा वर्षाला दोन टनांहून थोडं अधिक. पाणी दिवसाला पंचवीस ते पंचेचाळीस लिटर, उन्हाळ्यात आणखी. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद. वर्षातून एकदा दात कानशीने घासून घ्यायचे. आणि घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. त्यामुळे आश्रयस्थानाची क्षमता तबेल्यातल्या खणांवर कधीच मोजू नये, कोठीत किती महिन्यांची वैरण आहे यावर मोजावी. मंदीत इथली कितीतरी आश्रयस्थानं कोलमडली ती ‘नाही’ म्हणता न आल्यामुळे. आठ घोड्यांची वैरण असताना बारा घेतले की सहा महिन्यांत बाराही हाडकतात, आणि मग त्या आश्रयस्थानावरच धाड पडते.

सोडवण्याचा दिवस फोटोंचा असतो. त्यानंतरचे दहा दिवस खरे कसोटीचे, आणि याच दिवसांत सगळ्यात जास्त घोडे मायेपोटी मारले जातात. महिनोन्महिने उपाशी असलेलं जनावर आधी अंगातल्या चरबीवर आणि मग स्वतःच्या स्नायूंवर जगत असतं. अशा घोड्यापुढे भिजवलेल्या हरभऱ्याचा तोबरा किंवा गूळ-ओट ठेवला की रक्तातली साखर चढते, पाठोपाठ इन्शुलिन वाढतं, आणि ते साखरेबरोबरच फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि पोटॅशियमही रक्तातून पेशींत ओढून नेतं. शरीरातला साठा आधीच संपलेला असतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, घोडा आता सावरला असं वाटत असतानाच, हृदय किंवा श्वास बंद पडतो.

डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी यावर जी पद्धत बसवली तीच आज सगळीकडे वापरतात. पहिले तीन दिवस फक्त पानेदार, वाळवलेली लसूणघास, दर चार तासांनी साधारण अर्धा किलोपेक्षा थोडी कमी, म्हणजे दिवसभरात पावणेतीन किलो. हे मोठ्या घोड्याचं माप आहे, तीनशे किलोच्या घोड्याला त्याच प्रमाणात कमी. रात्री दोनचा खुराक चुकवायचा नाही आणि सकाळी दुप्पटही द्यायचा नाही. मग हळूहळू वेळा कमी करत माप वाढवायचं. सहाव्या दिवसापर्यंत दर आठ तासांनी दोन किलो. दहाव्या दिवसानंतर दोन वेळा, खाईल तितकं. लसूणघासच का, तर तिच्यात प्रथिनं आणि हवी ती खनिजं भरपूर, पिष्ट कमी. धान्य, चणे, कोंडा, तेल यांतलं काहीही अंगावर मांस धरेपर्यंत नको. पाणी आणि मीठ मात्र कायम समोर. पाय सुजणं, थरथर, झोकांड्या जाणं यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना बोलवायचं. तीन दिवसांहून जास्त काळ स्वतःच्या पायांवर उभा न राहिलेला घोडा सहसा वाचत नाही, हेही मनाशी धरून ठेवावं.

घोडा किती खंगलाय हे नजरेने ठरवू नये. थंडीत वाढलेल्या केसांखाली फासळ्या लपतात आणि जंतांनी फुगलेलं पोट भरलेलं वाटतं. हात फिरवावा लागतो: मान, खांद्यावरचा उंचवटा, खांद्यामागची जागा, फासळ्या, कंबर, शेपटीचं मूळ. या सहा जागा चाचपून एक ते नऊ गुण देण्याची रीत टेक्ससमधल्या हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडली. पाच म्हणजे ठीक, एक म्हणजे हाडांवर नुसतं कातडं. वजनासाठी काटा नसला तर टेपही पुरते. छातीच्या घेराचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येतं. दर आठवड्याला त्याच हाताने, त्याच जागी मोजायचं. गव्हाणीखाली अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे ओले बोळे पडलेले दिसले तर दोष चाऱ्यात नाही, दातांत आहे.

घाईने घात होतो तो औषधातही. जंतांनी भरलेल्या, खंगलेल्या घोड्याला पहिल्याच दिवशी जोरदार जंतनाशक दिलं तर मेलेल्या जंतांनी आतडं तुंबतं किंवा सुजतं. आधी लीद तपासायची, मग डॉक्टर सांगतील तेव्हा. वाढून वळलेले खूर एका बैठकीत मूळ आकारात आणायला गेलं तर घोडा लंगडतो, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने कापावे. नवा घोडा तीन आठवडे वेगळा बांधायचा, त्याची बादली आणि खरारा वेगळा, ताप दिवसातून दोनदा. ३८.५ सेल्सिअसच्या वर गेला की सावध. आपल्याकडे यात ग्लँडर्सची भर पडते. हा रोग माणसालाही होतो आणि पक्कं निदान झालेला घोडा कायद्याने जिवंत ठेवता येत नाही. म्हणून रक्ताचा नमुना आधी, कळपात मिसळणं नंतर.

आपल्याकडे जप्त केलेला घोडा बहुधा पांजरपोळात किंवा गोशाळेत जातो. माणसं प्रेमळ असतात, पण तिथली व्यवस्था गुरांची. गुरांच्या काही पशुखाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय त्याने निकामी होतं. बुरशी आलेली वैरण गाय एखादे वेळी पचवेल, घोड्याला ओकताच येत नाही. उसाच्या वाढ्यांतलं ऑक्झलेट आणि रोजचा गव्हाचा कोंडा, दोन्ही हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतात. घोड्यासाठी वेगळी कोठी आणि घोडा कळणारा एक तरी मोतद्दार नसेल तर ती सुटका अर्धीच. आणि ज्याच्यामुळे ही वेळ आली त्याला १९६० च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तीनशे किलोच्या घोड्याची एका दिवसाची वैरणही त्यात धड येणार नाही.

इथलं जे खरोखर उचलावं ते सुटकेच्या आधीचं काम आहे. मंदीत काही राज्यांत वैरणपेढ्या निघाल्या. अडचणीतल्या मालकाला दोन-तीन महिन्यांची वैरण द्यायची, काही ठिकाणी अट अशी की घोड्याची पैदास करायची नाही. २०१० पासून ‘ऑपरेशन गेल्डिंग’ या नावाने नर घोडे खच्ची करून देण्याला मदत मिळू लागली. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, दुष्काळात गुरांसाठी चारा छावण्या आपणच काढतो. २०२० च्या टाळेबंदीत माथेरानचे आणि वरातीचे घोडे उपाशी राहिले तेव्हा मालक दुष्ट नव्हते, त्यांची कमाई बंद पडली होती. अशा मालकाकडून घोडा काढून घेण्यापेक्षा त्याला वैरण पोचवणं कितीतरी स्वस्त पडतं, आणि घोडा त्याच्या ओळखीच्या हातात राहतो.

उलट बाजारात व्यापाऱ्याला तोंडाला येईल ती किंमत देऊन हाडकुळा घोडा ‘सोडवणं’ मला पटत नाही. त्याच पैशात तो दुसरा हाडकुळा घोडा आणतो, इथे हे रोज चालतं.

आणि एक गोष्ट आपल्याकडे कुणी मोठ्याने बोलत नाही. ज्याच्या वेदना थांबणार नाहीत त्या घोड्याला डॉक्टरांच्या हातून शांत मरण देणं हाही सांभाळण्याचाच भाग आहे, आणि ते गरीब मालकालाही परवडलं पाहिजे. फक्त पेंटोबार्बिटलचं इंजेक्शन दिलेलं कलेवर उघड्यावर टाकता येत नाही, ते खाणारी गिधाडं मरतात. खोल पुरावं लागतं. जेसीबीचं भाडं आधीच बाजूला ठेवावं.

माथेरानला हातरिक्षा ओढणाऱ्या माणसाची जागा ई-रिक्षा घेऊ लागली ते चांगलंच झालं. घोडेवाल्यांचं पेव्हर ब्लॉकबद्दलचं म्हणणंही खोटं नाही, ओल्या ब्लॉकवर लोखंडी नाल घसरते. पण घोडे कमी करायचे ठरलं तर ते एका आदेशाने एका रात्रीत नको. आधी नोंदवही करावी, घोडा, वय, दात, मालक, शेवटची तपासणी. निवृत्त झालेल्या घोड्याच्या जागी नवा परवाना नाही, आणि आहे त्या प्रत्येकाच्या वैरणीची रक्कम पर्यटकांकडून घेतल्या जाणाऱ्या करातून वर्षाच्या सुरुवातीलाच वेगळी काढलेली. पावसाळ्यात धंदा बसतो, म्हणून कोठी मे अखेर भरलेली हवी.