वार म्हणजे गाळणी नव्हे

गोव्यातल्या गरोदर बायकांच्या ग्रुपवर हा संदेश फिरतो आहे: ‘वार (प्लॅसेंटा) विष गाळून टाकते, बाळापर्यंत काही पोहोचत नाही. तरी मासळी सोडा आणि भस्माचा काढा घ्या, शरीर आतून स्वच्छ होईल.’

‘वार विष गाळते.’ साफ खोटे. चरबीत विरघळणारे, ५०० डाल्टनहून (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) हलके रेणू वारेतून सहज पार होतात. रक्त पातळ करणाऱ्या हेपरिनसारख्या औषधाचे मोठे रेणू अडतात, कॅडमियम हा विषारी धातू बरेचसा वारेतच साठतो. गैरसमजाला आधार एवढाच. मिथाइल पारा, म्हणजे मासळीत साठणारा पारा, तर सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटला की मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखा दिसतो आणि बाळाला अमिनो आम्ले पुरवणारी वाहक प्रथिनेच त्याला पलीकडे नेतात. म्हणून नाळेच्या रक्तात तो आईच्या रक्ताच्या सरासरी १.७ पट सापडतो. जपानच्या मिनामातात, १९५६ मध्ये उघडकीस आलेल्या पारा-विषबाधेत, काही आयांना जेमतेम त्रास होता, पण त्यांची मुले मेंदूला गंभीर इजा घेऊन जन्मली.

शिशाची गोष्ट वेगळी. ते हाडांत वर्षानुवर्षे साठते, आणि बाळासाठी हाडांतले कॅल्शियम सुटू लागले की त्याबरोबर रक्तात उतरते. मेक्सिकोतल्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या गर्भवतींच्या रक्तातले शिसे सरासरी ११ टक्के कमी आढळले. नवी भर मात्र बाहेरून पडते. गणेश चवथीआधी जुनी दारे-खिडक्या घासतात. २०१७ पूर्वीच्या तैलरंगात शिसे भरपूर असू शकते. बाळंतपणापर्यंत तो रंग खरवडूच नये. टाळता येत नसेल तर पॉलिश पेपर ओला करून घासा, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा, आणि धूळ निघेपर्यंत गरोदर बाईला दुसऱ्या घरी ठेवा.

‘मासळी सोडा.’ नको! बाळाच्या मेंदूला लागणारे ओमेगा-३ मुख्यतः त्यातून मिळते. तारले, बांगडे, सुंगटे (कोळंबी) आठवड्याला सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅम खावीत. मोरी (शार्क) आणि मोठी इसवण (सुरमई) टाळावी: ती लहान मासे खाऊन पारा साठवतात. पारा मांसातच असतो, त्यामुळे मीठ-हळद लावून धुतल्याने किंवा तळल्याने जात नाही. रक्तातला निम्मा उतरायलाही सुमारे ५० दिवस लागतात, म्हणून ही काळजी दिवस राहण्याआधीपासून घ्यावी.

भस्माचा काढा सर्वांत घातक: भस्म म्हणजे धातू-खनिजे भाजून केलेली आयुर्वेदिक पूड, तिच्यात शिसे असू शकते. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गर्भवतींना शिशाची बाधा झाली होती. सहाही जणींनी भारतातली आयुर्वेदिक औषधे घेतली होती. असे काही पोटात गेले असेल तर ते लगेच थांबवा, डबी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि रक्तातले शिसे तपासून घ्या. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघाले तर स्रोत शोधून बंद करावा लागतो.